बिननावाचं बाळ आणि तीन पायांचा म्हातारा

९ मार्च

आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे. नाहीतर उद्या हीच मंडळी म्हणतील, बाबांना भास होतात. बहात्तराव्या वर्षी माणसाला गुडघा नवा बसवून देतात, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं.

पुरावा पहिला. स्ताथिसनं आज मला काठी आणून दिली. स्ताथिस म्हणजे माझा धाकटा मुलगा, नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय बाबा, उन्हाळाभर तरी वापरा." डॉक्टरांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच पलंगावर पडलो होतो आणि माझे कान शाबूत आहेत. ऑपरेशन जानेवारीत झालं आणि काठी मार्चमध्ये आली. मधले दोन महिने काय शिजत होतं?

काठी चांगली आहे. ऑलिव्हच्या लाकडाची, मूठ गुळगुळीत. चांगली आहे म्हणूनच संशय येतो. माझ्या नावाच्या सणाला दरवर्षी मोजे देणारा हा मुलगा.

"शोभते हो बाबा तुम्हाला," सूनबाई म्हणाली. तिचं नाव मिर्सिनी. माझी बायको एव्लाम्बिया काहीच बोलली नाही, नुसती काठीकडे बघत राहिली. ती गप्प बसली की समजावं, हिला काहीतरी ठाऊक आहे.

काठी दाराच्या मागे ठेवून दिली आहे. मी वापरणार नाही.

१४ मार्च

काठी वापरली. पाऊस पडून गेला होता, पायऱ्या निसरड्या होत्या. एवढंच कारण.

स्वयंपाकघरात गेलो तर तिघंही गप्प झाली. स्ताथिस खिडकीबाहेर बघायला लागला, मिर्सिनीनं उगाच नळ सोडला, एव्लाम्बिया पालक निवडत होती ती निवडलेलाच पुन्हा निवडायला लागली. फक्त बाळ खाली फरशीवर रांगत होतं, त्यानं मात्र माझ्याकडे बघून तोंडभर हसून दाखवलं. या घरात पोटात एक आणि ओठात एक नसलेला तेवढाच एक प्राणी उरला आहे.

बाळाला अजून नाव नाही. त्यात वावगं काही नाही, आमच्याकडे बाप्तिस्मा होईपर्यंत सगळी लेकरं नुसती 'बाळ' असतात. देवळात, पाण्याच्या घंगाळाशी, धर्ममाता किंवा धर्मपिता पहिल्यांदा नाव उच्चारतो, आणि तिथे जे उच्चारलं जाईल ते कायमचं. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे माझं. थ्रासिवूलोस. विचारायचा प्रश्नच नाही.

मग कुजबुज कशाची?

२५ मार्च

आज सण. कॉड मासा तळला होता, लसणाची चटणी होती. मिर्सिनीचे आईवडील हाल्किदाहून जेवायला आले. व्याही फोकिओन दातांचा डॉक्टर आहे. त्याचं बोलणं नेहमी असं, की समोरच्यानं आ करून बसलेलंच असावं.

"काय व्याही, तीन पायांवर आलात म्हणायचं!"

"तीन पायांवर असलो तरी बत्तीस दात स्वतःचे आहेत," मी म्हणालो.

"एकतीस. एक मी काढलाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात नोंद केली.

मग मासा संपत आला तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, "मग बाळाचं काय ठरलं नाव?" अगदी सहज विचारावं तसं. आणि टेबलावर एकदम चिडीचूप. फोकिओननं बायकोला टेबलाखालून पाय मारला. माझा नवा गुडघा त्याच्या बुटाच्या वाटेत होता, म्हणून मला कळलं.

"बाबा, चटणी घ्या ना अजून," मिर्सिनी मला म्हणाली.

मी चटणी घेतली. पण मला आता सगळं लख्ख दिसतंय. फोकिओनला मुलगा नाही, दोन मुलीच. त्याचं नाव त्याच्याबरोबर संपणार. हाल्किदातला दवाखाना, वरचा मजला, समुद्राकडची खिडकी, हे सगळं पुढे कुणाला जाणार? फोकिओन नावाच्या नातवाला. आणि 'फोकिओन' शाळेच्या हजेरीत कसं सुटसुटीत वाटतं! थ्रासिवूलोस म्हणताना मास्तरांची जीभ अडखळेल, पोरं हसतील, असं मिर्सिनीला वाटत असणार. मलाही हसायची. मी दोन-चार जणांची डोकी फोडली, मग हसायची बंद झाली.

६ एप्रिल

चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेलो. लाम्ब्रोस होता. माझा शाळेपासूनचा मित्र, चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. कॉफी येईपर्यंत त्यानं काठीकडे तीनदा पाहिलं.

"बोल एकदाचं," मी म्हणालो.

"काही नाही रे. म्हटलं, तुझ्या घरात आपल्या गावचं कोडं पुरं झालं. नातू चार पायांवर, पोरगा दोनवर आणि तू तीनवर. तुझी टपरी अजून असती तर दाराशी तिघांना उभं करून तिकीट लावलं असतंस."

शेजारच्या टेबलावरचे दोघेही खिदळले. मी कॉफी तशीच टाकून उठलो. लाम्ब्रोस मागून हाका मारत होता, "अरे थ्रासिवूले, गंमत केली रे!"

गंमत करताना त्याचा चेहरा पडला होता. कुणीतरी त्याला माझ्याशी कोड्याबद्दल बोलायला सांगितलं असेल का?

७ एप्रिल

काल झोप नीट लागली नाही, म्हणून आज हे लिहून टाकतो.

आमच्या गावाला, ग्रीसमधल्या थीवाला, जगात दोन गोष्टींसाठी ओळखतात, आणि दुसरी मला आठवत नाही. पहिली म्हणजे ते कोडं. डोंगरावर एक अवदसा बसायची, धड सिंहाचं, तोंड बाईचं. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारायची, सकाळी चार पायांवर, दुपारी दोन पायांवर आणि संध्याकाळी तीन पायांवर चालतो, तो कोण? उत्तर आलं नाही की खाऊन टाकायची. उत्तर माणूस. तान्हा असताना रांगतो, मोठेपणी चालतो, म्हातारपणी काठी घेतो.

संग्रहालयाजवळ माझी टपरी होती, सदतीस वर्षं. सिगारेट, वर्तमानपत्रं, थंड पाणी. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला मी ते कोडं घालायचो. उत्तर दिलं की तिळाची वडी फुकट. नाही दिलं तर मी पंजे उगारून गुरगुरायचो आणि मग वडी द्यायचोच. जर्मन पोरं, फ्रेंच पोरं, कुठली कुठली. हातवारे करून विचारायचो, त्यांना बरोबर समजायचं.

अकरा वर्षांपूर्वी मी कोडं विचारणं बंद केलं. थोरला मोटरसायकलवरून गेला तेव्हापासून. चोवीस वर्षांचा होता. हमरस्त्यावर, ती अवदसा बसायची म्हणतात त्याच डोंगराच्या पायथ्याशी, वळणावर. एव्लाम्बियानं तिथे रस्त्याच्या कडेला दिवा लावायला छोटी देवळी उभी केली आहे. मी तिथे गेलेलो नाही. मी त्याचं नाव घेत नाही. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली त्या दिवशी मी घरात सांगितलं, यापुढे या घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही. कुणी घेतलेलं नाही. त्याची खोली बंद आहे.

कोड्यात खोट आहे. कुणाच्याच लक्षात आली नाही, इतकी शतकं सगळे माना डोलावत आले. सकाळ आहे, दुपार आहे, संध्याकाळ आहे. जो दुपारी गेला त्याचं काय? आणि ती म्हणे, ज्याला उत्तर यायचं नाही त्यालाच खायची. थोरल्यानं चार वर्षांचा असताना उत्तर दिलं होतं, टपरीच्या फळीवर बसून, पाय हलवत. मी त्याला अख्खा डबा दिला होता वड्यांचा.

पुरे. हे लिहायला वही काढलेली नाही.

१२ एप्रिल

स्वयंपाकघरातलं तेल कमी होतंय. फेब्रुवारीत आलेला सतरा किलोचा डबा, त्यात आज पाहिलं तर निम्म्याच्याही खाली. आम्ही चार माणसं आणि एक दूधपितं. इतकं तेल कुणी पीत नाही.

आज शनिवार. एव्लाम्बिया आणि स्ताथिस गाडीतून गेली, तासाभरानं परतली. "बाजारात," ती म्हणाली. पिशवी रिकामी. तेलाच्या छोट्या बाटलीचं बूच तिच्या कोटाच्या खिशातून डोकावत होतं. मागच्या शनिवारीही गेली होती.

उघड आहे. व्याह्यांकडे तेल पोचवतायत. आमचं तेल, माझ्या वडिलांनी लावलेल्या झाडांचं. तासाभरात हाल्किदाला जाऊन येणं बसत नाही हे खरं, पण अर्ध्या वाटेवर भेटत असतील.

२० एप्रिल

ईस्टर. अंगणात कोकरू भाजलं. लाल अंडी एकमेकांवर आपटायच्या टकरीत माझं अंडं पहिल्याच फटक्याला फुटलं, एव्लाम्बियाचं शेवटपर्यंत टिकलं. फोकिओन म्हणाला, "व्याही, कॅल्शियम कमी पडलं!"

मी सकाळी अंडी मोजली होती. पंधरा. टकरीला चौदाच आली. ते पंधरावं एव्लाम्बियानं हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवताना मी आरशातून पाहिलं.

"कुणाला?"

"एकाला द्यायचंय," ती म्हणाली, आणि वळली. डोळे लाल होते. धूर होता म्हणा अंगणात.

१२ मे

बाळ एक वर्षाचं झालं. केकवरही नाव नाही, नुसता एक आकडा.

जेवण झाल्यावर मिर्सिनी माझ्याजवळ येऊन बसली. फार गोड बोलत होती. "बाबा, बाळाला तुमचं ते कोडं सांगा ना. स्ताथिस म्हणतो, तुम्ही फार रंगवून सांगायचात. गुरगुरायचात म्हणे."

"त्याला काय कळतंय?"

"कळू दे न कळू दे. त्याला तुमचा आवाज आवडतो."

बायका सासऱ्याच्या आवाजाचं कौतुक करायला लागल्या की काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. मी म्हणालो, "कोडं खोटं आहे. ते माणसाबद्दल नाहीच. ज्यांना तिन्ही वेळा बघायला मिळतात त्यांच्याबद्दल आहे. तुझ्या बापासारख्यांबद्दल."

आवाज जरा चढलाच. दारात स्ताथिस उभा होता. त्याला वाटलं मी थांबेन, पण मी थांबलो नाही. म्हणालो, "आणि माझ्यामागे काय चाललंय ते मला कळतं. पायानं अधू झालोय, डोक्यानं नाही."

मिर्सिनी रडत आत गेली. स्ताथिस काही बोलायला आला, तोंड उघडलं, आणि बंद केलं. हा मुलगा आयुष्यभर असाच. थोरला पटकन बोलून मोकळा व्हायचा.

संध्याकाळी पॅसेजमध्ये तो फोनवर बोलताना ऐकलं. "नाही, बाबांना अजून नाही सांगितलं. धीरच होत नाही. तू नाव छापायला टाक, बघू पुढे." शब्दन् शब्द असाच. वर तारीख आहे.

२८ मे

खोके आले. चार मोठे. बाप्तिस्म्याला पाहुण्यांना द्यायच्या बदामांच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर बाळाचं नाव छापलेलं असतं. म्हणजे नाव आता या घरात आहे, माझ्यापासून दहा पावलांवर.

कुठे ठेवले ते सांगतो. थोरल्याच्या खोलीत. स्ताथिसनं किल्ली लावली, आत ठेवले, बाहेर आला, किल्ली खिशात टाकली. मी समोर खुर्चीत बसलो होतो. त्याला पक्कं माहीत आहे की या घरात फक्त तिथेच मी पाऊल ठेवणार नाही. पोटचा मुलगा असा डाव खेळेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी घरात कुणी नसताना दाराशी गेलो. किल्ली त्यानं पुन्हा खिळ्याला टांगून ठेवली होती, लपवलीही नव्हती. हात घातला, आणि परत आलो.

३१ मे

बाळानं आज माझी काठी धरली. मी खुर्चीत होतो, काठी मांडीला टेकलेली. रांगत आलं, दोन्ही हातांनी काठी पकडली आणि उभं राहिलं. डुगडुगत. मी काठी घट्ट धरून ठेवली, हलू दिली नाही. किती वेळ कोण जाणे. हाताला मुंग्या आल्या तरी धरली.

एव्लाम्बिया दारातून बघत होती. म्हणाली, "थोरलाही असाच टपरीच्या..." आणि तोंडावर हात ठेवला.

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. बाळ धप्पकन बसलं आणि हसलं. त्याला फोकिओन म्हणून हाक मारायची! माझी जीभ झडेल.

आता हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही.

४ जून

काम फत्ते.

बाळाची धर्ममाता गारिफालिया आहे. चौकातलं औषधांचं दुकान तिचं. दोन्ही मुलांबरोबर वाढली, माझ्या टपरीवर लहानपणी रोज एक वडी लाटायची. नाव तीच उच्चारणार. आमचे पाद्री पापा-सेराफिम तिला विचारतील, मिर्सिनीला नाही, स्ताथिसला नाही. एकदा तिच्या तोंडून निघालं की प्रत्यक्ष देवही बदलू शकत नाही. शेजारच्या गावात एका धर्मपित्यानं आयत्या वेळी भलतंच नाव सांगितलं होतं, दोन घरं तीस वर्षं बोलत नाहीत. पण नाव तेच राहिलं.

रक्तदाबाच्या गोळ्यांच्या निमित्तानं गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो.

"गारिफालिये, एक मागणं आहे. घंगाळाशी उभी राहशील तेव्हा माझं नाव घे. थ्रासिवूलोस. बाकीच्यांनी तुला काहीही पढवलेलं असू दे."

तिच्या हातातली डबी खाली पडली. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कुणी ताकास तूर लावू देत नाही. मी स्वतः ओळखलं."

"काय ओळखलंत?"

"त्या दातवाल्याचं नाव ठेवतायत."

मग डोळे भरून आले तिचे. पकडली गेली की बायकांना रडू येतंच. "काका, तसं नाहीये. मी सांगते तुम्हाला, बसा जरा. खरं म्हणजे ते..."

"मला सारवासारव नको. हो की नाही, एवढंच सांग. मी तुला कधी वडीला नाही म्हटलं?"

तिनं पडलेली डबी उचलून काउंटरवर ठेवली. "कधीच नाही, काका," ती म्हणाली. "बरं. तुम्ही सांगाल तेच नाव मी घेईन. पण एका अटीवर. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं, अगदी घंगाळाला लागून. पापा-सेराफिम नाव विचारतील तेव्हा मी तुमच्याकडे बघेन. तुम्ही मला सांगायचं. तोपर्यंत मन बदललं तरी चालेल."

"माझं मन बदलत नसतं."

"तरीसुद्धा."

हात मिळवून आलो. गोळ्या घ्यायच्या राहिल्या.

१४ जून

उद्या. पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर आहे. घरात सगळे माझ्याशी फार जपून वागतायत. एव्लाम्बियानं मला आवडतात म्हणून भरलेल्या भोपळी मिरच्या केल्या. स्ताथिस दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि "काही नाही, शुभरात्री" म्हणून गेला. मी मनात म्हटलं, ये, ये, उद्या कळेल तुला.

मला आनंद व्हायला हवा होता. होत नाहीये.

१५ जून

अक्षर कसंही आलं तरी आजचं आजच लिहितो.

देवळाच्या अंगणात पुड्यांचं टेबल मांडलेलं होतं. मी मुद्दाम लवकर गेलो. फोकिओनचं नाव एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे आत जाऊन माझं सांगताना मन कचरणार नाही. चष्मा लावला. प्रत्येक पुडीला निळी फीत, फितीला कागद.

तीन महिने मी एकच विचारत होतो, त्याचं नाव की माझं. दोन्ही नव्हतं.

मिल्तिआदिस. त्याखाली बारीक अक्षरात: आमचा मिल्तोस.

मी टेबलाची कड धरली. किती पुड्या होत्या, आणि प्रत्येकीवर तेच. स्ताथिस माझ्यामागे येऊन उभा होता. चेहरा पांढराफटक.

"हे कुणाला विचारून?" मी म्हणालो.

"कुणालाच नाही, बाबा. विचारायचं तर तुमच्यासमोर त्याचं नाव घ्यावं लागलं असतं."

"चोविसाव्या वर्षी गेलेल्याचं नाव देतोस लेकराला? भीती नाही वाटत?"

"वाटते. मिर्सिनीला नाही वाटत, तिनंच सुचवलं. तिनं त्याला कधी पाहिलंही नाही. पण ते नाव पणजोबांचंही आहे ना बाबा, तुमच्या वडिलांचं? ते एक्याण्णव वर्षं जगले." त्यानं एक पुडी उचलली. "तुमचा हक्क आहे, मला ठाऊक आहे. तुम्हाला तुमचं हवं असेल तर तेच ठेवू, शप्पथ. या पुड्या मी आत्ता गाडीत टाकतो. पण अकरा वर्षं मी असा वागतोय की मला भाऊच नव्हता. आई दर शनिवारी वळणावरच्या देवळीत दिवा लावून येते आणि तुम्हाला सांगते बाजारात गेले होते. त्याची दुपार तिथे संपली, बाबा. याची अजून सकाळ आहे. कुणाला तरी त्या नावानं हाक मारू दे मला."

तेल. दिव्याला. अंडं त्याच्या थडग्यावर ठेवायला. माझ्या वहीत सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे, आणि मी किती गाढव आहे तेही त्याच वहीत सिद्ध झालं.

मला राग आला, हेही लिहितो. माझ्या नकळत माझ्या घरात थोरल्यानं पुन्हा येरझारा घातल्या, सगळ्यांकडे, एक मी सोडून. मग कळलं की दार मीच लावलं होतं. मी देवळाच्या मागे गेलो आणि भिंतीला तोंड करून उभा राहिलो. एव्लाम्बिया आली. हात धरला नाही, समजावलं नाही.

"अहो, चला," ती म्हणाली. "पाणी निवतंय."

आत गेलो. तांब्याचं घंगाळ, वाफ, बाळ उघडंबागडं, तेलानं माखलेलं, गारिफालियाच्या हातांतून निसटायला बघत होतं. मी ठरल्याप्रमाणे तिच्या शेजारी उभा राहिलो. पापा-सेराफिमनी बाह्या वर केल्या. "नाव?"

गारिफालियानं माझ्याकडे पाहिलं. स्ताथिसनं पाहिलं नाही, तो जमिनीकडे बघत होता. माझं नाव माझ्या जिभेवर तयार होतं, तीन महिने तेच घोटत आलो होतो. तोंड उघडलं तेव्हासुद्धा मला नक्की ठाऊक नव्हतं काय बाहेर पडणार.

"मिल्तिआदिस."

आवाजच फुटला नाही. पापा-सेराफिमना एका कानानं कमी ऐकू येतं. "काय? मोठ्यानं बोला हो!"

"मिल्तिआदिस!" मी ओरडलो. देवळात घुमलं. पोरांना टपरीवरून हाका मारायचो तसा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "मिल्तोस! माझा मिल्तोस!"

गारिफालियानं तेच नाव पाद्रीबाबांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं, तिन्ही वेळा नाव घेऊन. तिसऱ्या वेळी बाहेर आलं ते लालेलाल, संतापलेलं, असं भोकाड पसरलेलं की मेणबत्त्या विझाव्यात. मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही बरोबरच.

मग रांग लागली. बाप्तिस्म्यानंतर पाहुणे घरच्यांसमोरून जातात आणि बाळाचं नाव घेऊन एकच वाक्य म्हणतात. मला आईबापांच्या शेजारी खुर्ची दिली होती, पण मी उभा राहिलो. पहिला लाम्ब्रोस. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि म्हणाला, "जगू दे रे तुमचा मिल्तोस." त्याच्यामागे फोकिओन, तोंड वाकडं करून रडणारा. मला त्यात खोट दिसली नाही. "जगू दे तुमचा मिल्तोस, व्याही." मग विहीणबाई, पाणीखात्यातली माणसं, औषधाच्या दुकानातली मुलगी, मिल्तोसचा शाळेतला बाकावरचा सोबती, त्याला आता टक्कल पडलंय.

एकशे वीस माणसं होती. अकरा वर्षं जे नाव मी एकालाही घेऊ दिलं नाही, ते एकेकानं माझा हात धरून घेतलं, आणि एकेकानं म्हटलं, जगू दे. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, "जगू दे." निम्म्या रांगेत आवाज बसला. तरी एकालाही उत्तर दिल्यावाचून सोडलं नाही.